यवतमाळचा वकील, विदर्भाचा लोकनायक

राज्यपालपद भूषविलेल्या व्यक्तीने पुन्हा मतदारांच्या दारात जाणे हे भारतीय राजकारणात क्वचितच घडते. माधव श्रीहरी अणे यांनी ते वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत केले. नागपूरच्या काँग्रेस खासदार अनसूयाबाई काळे यांच्या निधनामुळे रिक्त झालेल्या जागेसाठी १९५९मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. बिहारच्या राजभवनातून निवृत्त होऊन सात वर्षे झालेले बापूजी अणे त्या निवडणुकीत सत्तारूढ काँग्रेसच्या विरोधात उभे राहिले आणि निवडून आले. स्वतंत्र विदर्भ हा त्यांचा एकमेव मुद्दा होता.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणीच्याच नावाने ओळखला जात असे. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात शिक्षण घेऊन आणि कायद्याची पदवी संपादन करून, मध्यंतरी अमरावतीत काही काळ शिक्षकी केल्यावर, १९०८मध्ये त्यांनी यवतमाळला वकिली सुरू केली. याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठविण्यात आले. वऱ्हाडातील वकीलवर्ग टिळकांच्या प्रभावाखाली होता. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे हे त्यांचे अग्रणी. त्या काळात हुशार वकिलाला सरकारी वकिली, पुढे एखादा किताब असा सुरक्षित मार्ग उपलब्ध असे. बापूजींनी तो धरला नाही. ते होमरूल चळवळीत उतरले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी यवतमाळातून 'लोकमत' हे नियतकालिक सुरू केले. हे नाव टिळकांनी सुचविल्याचे सांगितले जाते. १९२१ ते १९३० या काळात विदर्भ प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

मात्र ते गांधीजींच्या मार्गाचे सरसकट अनुयायी नव्हते. कायदेमंडळावर बहिष्कार घालण्यापेक्षा आत जाऊन सरकारला अडवावे, ही टिळकांची शिकवण त्यांनी प्रमाण मानली. स्वराज्य पक्षाच्या वतीने ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. १९२६च्या सुमारास न. चिं. केळकर व मुकुंदराव जयकर यांच्यासमवेत त्यांनी प्रतियोगी सहकारितेचा पक्ष उभारला. सरकार जितके देईल तितके घ्यावे, त्याचा उपयोग करावा आणि उरलेल्यासाठी झगडावे, असे या पक्षाचे धोरण होते. पंडित मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली १९२८मध्ये राज्यघटनेचा आराखडा तयार करणाऱ्या समितीतही बापूजी होते.

बापूजींच्या या जागेमागे एक कायदेशीर गंमत दडलेली होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाच्या मालकीचे आणि इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिलेले. त्यामुळे ते काटेकोरपणे ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते. परिणामी वऱ्हाडचे मतदार मध्यवर्ती कायदेमंडळासाठी निवडणूक लढवून प्रतिनिधी निवडत आणि मग सरकार त्याच व्यक्तीची नेमणूक करून त्यास सभागृहात घेई. म्हणजे बापूजी मतदारांच्या दृष्टीने लोकनियुक्त आणि सरकारी दप्तरात सरकारनियुक्त! मतदारही मोजकेच होते. मालमत्ता किंवा कराची अट पूर्ण करणाऱ्यांनाच मताचा अधिकार होता, शेतमजुराला तो नव्हता.

या मोजक्यांच्या राजकारणातून बापूजींना बाहेर काढले ते १९३०च्या सत्याग्रहाने. विदर्भाला समुद्र नाही. मीठ कोठून उचलणार? पण राखीव जंगलांचे निर्बंध इथल्या शेतकऱ्याला रोज जाचत होते. स्वतःच्या जनावरांसाठी गवत कापायलाही परवाना लागे. म्हणून वऱ्हाडने जंगल सत्याग्रह निवडला. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ बापूजींनी परवान्याविना गवत कापून कायदा मोडला. त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनीही यवतमाळच्या जंगलात सत्याग्रह करून कारावास पत्करला. बावीस वर्षे न्यायालयात कायद्याचा कीस पाडणारा वकील हातात विळा घेऊन आरोपी झाला, ही गोष्ट जिल्ह्याच्या स्मरणात राहिली. त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील हा सर्वांत झळाळता प्रसंग मानायला हरकत नाही.

१९३३मध्ये काँग्रेसचे प्रमुख नेते तुरुंगात असताना ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. पुण्याच्या बैठकीनंतर सामुदायिक कायदेभंग स्थगित करण्याचा अप्रिय निर्णय त्यांच्याच सहीने जाहीर झाला. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्यावरून ते पंडित मदनमोहन मालवीयांसह बाहेर पडले. निवाडा स्वीकारायचाही नाही आणि फेटाळायचाही नाही, ही काँग्रेसची भूमिका त्यांना मान्य झाली नाही. त्यांच्या नव्या काँग्रेस राष्ट्रीय पक्षाच्या वतीने ते पुन्हा कायदेमंडळात पोहोचले.

१९४१मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात प्रवेश केला. काँग्रेस युद्धप्रयत्नांपासून दूर असताना घेतलेला हा निर्णय त्यांच्या चाहत्यांनाही रुचला नाही आणि त्यांचे समर्थन करणे आजही कठीण आहे. त्याची किंमत त्यांना वर्षभरातच मोजावी लागली. ऑगस्ट १९४२मध्ये चिमूर येथे उठाव झाला, त्यानंतर लष्कर व पोलिसांनी गावात अत्याचार केले. त्यांच्या चौकशीची मागणी घेऊन प्रा. भन्साळी दिल्लीला बापूजींच्या निवासस्थानी आले आणि तेथेच त्यांनी उपोषण आरंभले. चिमूर विदर्भातले, अत्याचार विदर्भातल्या स्त्रियांवर झालेले आणि सरकारात बसलेला मंत्रीही विदर्भाचाच! तरीही चौकशी झाली नाही. फेब्रुवारी १९४३मध्ये गांधीजींनी आगाखान राजवाड्यातील बंदिवासात एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. सरकार त्यांची सुटका करीत नाही असे दिसताच बापूजींनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह राजीनामा दिला. चिमूरच्या वेळीच तो दिला असता, तर विदर्भाला अधिक समाधान वाटले असते.

त्यानंतर ते १९४७पर्यंत सिलोनमध्ये हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी होते. जानेवारी १९४८ ते जून १९५२ या काळात ते बिहारचे राज्यपाल होते.

निवृत्तीनंतर आराम करणे सहज शक्य होते. पण भाषावार प्रांतरचनेचा वाद पेटला आणि बापूजींनी विदर्भाचे वकीलपत्र घेतले. ब्रिजलाल बियाणी यांच्यासह त्यांनी राज्य पुनर्रचना आयोगापुढे स्वतंत्र विदर्भाची बाजू मांडली. १९५५च्या अहवालात आयोगाने तशी शिफारसही केली. वकिलाच्या दृष्टीने दावा जिंकल्यातच जमा होता. परंतु अंमलबजावणी झाली नाही. १९५६मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. जे आयोगाकडून मिळूनही हातचे गेले, ते मतपेटीतून मागण्यासाठी बापूजी १९५९मध्ये उभे राहिले. या वेळी मत देणाऱ्यांत मालमत्तेची अट नव्हती. पुसदच्या गवतावर ज्याचे पोट अवलंबून होते, त्याच्यासारख्या माणसालाही आता मत होते. पुढच्याच वर्षी, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. तरी १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरने या एक्क्याऐंशी वर्षांच्या अपक्ष उमेदवाराला पुन्हा लोकसभेत पाठविले.

या सर्व धावपळीत ते संस्कृतमध्ये लोकमान्यांचे चरित्रकाव्य रचत होते. 'श्रीतिलकयशोऽर्णव:' या ग्रंथाला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, पण तो मरणोत्तर. २६ जानेवारी १९६८ रोजी बापूजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण हा सन्मान जाहीर झाला होता.

यवतमाळात त्यांच्या नावाचे महिला महाविद्यालय आहे. त्यांचे नातू श्रीहरी अणे हेही वकील. महाराष्ट्राचे महाधिवक्ता असताना विदर्भ आणि मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याबाबत जाहीर भूमिका घेतल्याने वादळ उठले आणि मार्च २०१६मध्ये त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला.