कमरेतल्या भुलीची वाट दाखवली पाजेस यांनी, श्रेय मिळालं दुसऱ्यालाच

अहिल्यानगर असो की माद्रिद, हर्नियाच्या ऑपरेशनला कमरेत सुई टोचून, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर औषध सोडून फक्त खालचं अंग बधिर करता येतं. हीच एपिड्युरल भूल.

कमरेतून ही भूल देण्याची पद्धत मांडली स्पेनचे लष्करी सर्जन फिडेल पाजेस यांनी. जन्म १८८६चा. १९२१ मध्ये त्यांनी ४३ ऑपरेशनचा अनुभव छापला. औषध होतं नोव्होकेन. असर थोडाच वेळ.

लेख स्पॅनिशमध्ये असल्याने बाहेर फारसा पोहोचला नाही. १९२३ मध्ये कार अपघातात पाजेस गेले, वय अवघं ३७. पुढे १९३१ मध्ये इटलीच्या डोग्लिओत्तींनी हीच पद्धत मांडली आणि नाव त्यांचं झालं. नंतर मात्र पहिला मान पाजेस यांचाच, हे त्यांनीही मान्य केलं.

औषधं बदलत गेली. लिग्नोकेन लवकर चढतं, बुपिवाकेन जास्त वेळ टिकतं, पण चुकून रक्तात गेलं तर हृदयाला धोका. रोपिवाकेनमध्ये तो कमी. वाट मात्र पाजेस यांचीच.