पवळाबाईंचे नाव कुठे गेले?

1950 साली ‘पठ्ठे बापूराव’ हा मराठी चित्रपट आला. फडावरची कारकीर्द, लावणी आणि प्रेम. पडद्यावर चालणारा विषय! पण नाव लागले ते बापूरावांचे. पवळाबाई लोकांच्या लक्षात राहिल्या त्या बापूरावांची पवळा म्हणून. एवढीच का त्यांची ओळख?

पवळाबाई संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा गावच्या, महार समाजातल्या. तमाशात पूर्वी बाईचा वेष घेऊन नाच्या पोऱ्या नाचत असे. फडावर उभ्या राहिलेल्या पहिल्या स्त्रियांत पवळाबाईंचे नाव घेतले जाते.

बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. जन्म 1866, जातीने ब्राह्मण. त्यांनी घरदार सोडून तमाशा धरला, पवळाबाईंशी नाते जोडले. स्वजातीचा रोष पत्करला. त्यांचे हे धाडस आम्ही नाकारत नाही. पण जातीची करणी पाहा. ब्राह्मण फडावर आला तर तो त्याग ठरला. महाराची लेक फडावर आली तर तो तिच्या जातीचा धंदा ठरला. लावणी लिहिणारा शाहीर झाला, ती लोकांपुढे जिवंत करणारी मात्र नाचीच राहिली.

1927 च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले. चळवळीला पैशाची निकड होती, तरीही बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्याच समाजातल्या स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. बाबासाहेबांना कलेचे वावडे होते, असा अर्थ काही लोक काढतात. तो साफ चुकीचा आहे. पुढे भीमराव कर्डकांच्या जलशांनी गाण्यातूनच चळवळ गावोगाव नेली आणि बाबासाहेबांनी त्यांचे कौतुक केले. नकार होता तो अस्पृश्य स्त्रीला सवर्णांच्या करमणुकीची वस्तू करणाऱ्या व्यवस्थेला. त्या स्त्रीला नव्हे.

हा फरक आपणही विसरलो. तमाशाची लाज वाटली म्हणून तमाशातल्या बाईचीही लाज धरली. बापूराव 1945 साली पुण्यात हलाखीत वारले, तरी त्यांचे नाव राहिले. पवळाबाईंना इतिहासात जागा देण्याचे काम शैलजा पाईक यांच्यासारख्या अभ्यासकांना अलीकडे करावे लागले.

समाजबांधवहो, महाडचा तो नकार आपण अभिमानाने सांगतो, सांगितलाच पाहिजे. पण ज्यांच्या मानासाठी तो होता, त्यांची नावे गाळून नव्हे!