गायनमास्तरांचे मूळपुरुष : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या अंकात गवयाचे चरित्र कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण या गवयाच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती दत्तजयंतीच्याच दिवशी, आणि तीही नरसोबाच्या वाडीच्या परिसरात. शिवाय वाडी आणि आपले वऱ्हाड यांचे नाते जुने. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचा जन्म आपल्या कारंज्याचा (तेव्हाचा अकोला जिल्हा, आता वाशीम), आणि पुढे बारा वर्षे ते राहिले कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, वाडीला. त्या वाडीच्या पलीकडे, पंचगंगेच्या दुसऱ्या तीरावर कुरुंदवाड आहे. तिथे 18 ऑगस्ट 1872 रोजी विष्णु दिगंबरांचा जन्म झाला.

घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरात मुलाच्या कानावर आधी काय पडत असेल तर झांज, मृदंग आणि अभंग. विष्णूला आवाज चांगला होता आणि वडिलांच्या मागे उभे राहून तो साथही करायचा. पण त्याने गवई व्हावे असे घरात कोणाच्या मनात नव्हते. शाळा शिकेल, संस्थानात कुठेतरी चिकटेल, असाच तेव्हाच्या ब्राह्मण घरातला हिशेब असायचा.

मग ती दत्तजयंती आली. उत्सवात दारूकाम चालले होते आणि एक फटाका मुलाच्या तोंडाजवळ फुटला. दोन्ही डोळे भाजले. वडिलांनी त्याला मिरजेला नेले, तिथल्या डॉक्टरांनी पुष्कळ उपचार केले. पण नजर गेली ती फारशी परतली नाही. अगदी थोडे, अंधुक दिसायचे. शाळा बंद झाली, कारकुनीची आशाही संपली. कीर्तनकार बापाने त्या रात्री देवापुढे बसून काय म्हटले असेल याचा मी पुष्कळदा विचार करतो. महाराजांच्या उत्सवात, महाराजांच्या दारात मुलाचे डोळे गेले! आपल्या अमरावती जिल्ह्यातले माधानचे गुलाबराव महाराज तर तान्हेपणीच दृष्टी गमावून बसले होते, तरी ज्ञानाचा केवढा डोंगर त्यांनी उभा केला. पण ते आज आपण मागे वळून बघतो म्हणून दिसते. त्या वेळी त्या घरात फक्त अंधार होता.

मुलाचा गळा चांगला आहे, त्याला गाणे शिकवा, असा सल्ला मिरजेतच मिळाला. आणि मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली ती मुख्यतः या बुवांनी. ती विद्या मिळवायला ते स्वतः तरुणपणी उत्तरेत वणवण फिरले होते, गुरूच्या घरी पडेल ते काम केले होते. त्यामुळे शिष्याकडूनही ते तशीच मेहनत घ्यायचे. विष्णूने त्यांच्याकडे मिरजेत कितीतरी वर्षे काढली. मिरज संस्थानाचा आश्रय होता, राहण्या-जेवण्याची सोय होती. सूर लावायचा, पलटे घोटायचे, गुरुजी गातील ते कानाने टिपायचे. लिहून घेण्याची सोय नव्हती, आणि असती तरी डोळे नव्हते.

1896 साली त्यांनी मिरज सोडली. त्यामागची हकीकत अशी सांगतात. गावात एक समारंभ होता. मोठ्या मंडळींना आमंत्रणे गेली. विष्णुबुवांनाही आले, कारण राजेसाहेबांची मर्जी होती. पण गुरुजींना नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की ते काय, गवई आहेत, गवयाला पंगतीला कोण बोलावतो! शिष्याला हे लागले. ज्यांच्या पायाशी बसून आपण विद्या घेतली त्यांची किंमत गावाच्या लेखी वाजंत्र्याएवढी. त्या काळी गवई म्हणजे व्यसनी, आश्रितासारखा राहणारा, चांगल्या घरातल्या मुलांनी ज्याच्या वाऱ्याला उभे राहू नये असा माणूस, ही समजूत घरोघर होती. त्यात थोडे खरेही होते, पण ते ज्यांनी गवयाला तसे ठेवले त्यांच्यामुळेच होते, असे माझे मत.

विष्णुबुवा बाहेर पडले ते संस्थानिकाची नोकरी शोधायला नव्हे. औंध, सातारा, बडोदा करीत ते सौराष्ट्रात गेले. तिथे त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हा गाणे ऐकायचे तर दरबारात किंवा श्रीमंताच्या बैठकीत, आणि गवयाला मिळायची ती बिदागी, म्हणजे मर्जी. तिकीट काढून सामान्य माणूस समोर येऊन बसला की गवई कोणाचा आश्रित राहत नाही.

याच प्रवासात ते गिरनारला गेले. दत्तभक्तांना गिरनार काय ते सांगायला नको. दहा हजारांच्या आसपास पायऱ्या आणि वर गुरुशिखरावर महाराजांच्या पादुका. मंद दृष्टीच्या माणसाने तो डोंगर कसा गाठला असेल! तिथे त्यांना एक साधुपुरुष भेटले आणि उत्तरेकडे, पंजाबात जाऊन कार्याला सुरुवात कर, असे त्यांनी सांगितले, अशी कथा आहे. तो साधू कोण, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. पण पुढे विष्णुबुवा ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर करीत लाहोरला पोचले हे खरे. तिथे ओळख नाही, भाषा वेगळी, आणि मराठी माणसेही मोजकीच.

5 मे 1901 रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बडोद्यात मौलाबक्षांची गायनशाळा त्याआधी होती, पण तिच्यामागे सयाजीराव महाराजांची तिजोरी होती. इथे मागे कोणी नव्हते. लोकांची वर्गणी आणि स्वतःच्या गाण्याचे पैसे, एवढ्यावरच चालवायचे. सुरुवातीला विद्यार्थीच येईनात, तेव्हा बुवा ठरल्या वेळी एकटेच तंबोरा घेऊन वर्गात बसत आणि गात राहत, असे सांगतात. हळूहळू मुले आली. मुली-बायकांचाही वर्ग निघाला. ठरलेली फी, ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, वर्षाला परीक्षा आणि शेवटी पदवी. गुरूच्या घरी पाणी भरून दहा वर्षांनी एक राग मिळण्याच्या काळात हे ऐकून जुने लोक हसले असतील.

पण या सगळ्यात माझ्या मते सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट म्हणजे उपदेशक वर्ग. बाहेरच्या विद्यार्थ्याकडून फी घ्यायची, पण जी होतकरू गरीब मुले आहेत त्यांना विद्यालयातच ठेवून घ्यायचे, अन्न-वस्त्र-विद्या सगळे फुकट, आणि त्यांनी ठरलेली वर्षे राहून शिकायचे व शिकवायचे असे लिहून द्यायचे. म्हणजे बुवांना नुसते गवई तयार करायचे नव्हते, गायनाचे मास्तर तयार करायचे होते. त्या मुलांना पहाटे उठणे, प्रार्थना, स्वच्छ कपडे, पान-तंबाखू बंद, अशी शिस्त. उघडच आहे, गृहस्थाने आपली मुलगी शिकायला पाठवायची तर मास्तर निर्व्यसनी हवा. कितीतरी जुन्या चिजांतले शृंगाराचे शब्दही त्यांनी बदलून भक्तीचे केले. याबद्दल त्यांच्यावर टीका झाली आणि ती सगळीच चुकीची नव्हती. ज्या उस्तादांनी आणि ज्या गाणाऱ्या बायांनी ही विद्या शतकानुशतके जपली, त्यांना या नव्या सोवळ्या व्यवस्थेत जागा उरली नाही. पण त्यामुळेच घराघरांत पेटी आली हेही तितकेच खरे.

पुस्तकेही त्यांनी खूप काढली, लहान मुलांसाठी क्रमवार. सूर लिहिण्याची आपली स्वतंत्र पद्धत बसवली. ज्याला स्वतःला नीट वाचता येत नव्हते त्याने इतरांसाठी गाणे कागदावर आणले! पुढे भातखंड्यांची पद्धत सोपी म्हणून जास्त चालली, ते असो.

1908 साली मुंबईला विद्यालय निघाले आणि काम फार वाढले. छापखाना आला, वाद्यदुरुस्तीचा कारखाना आला, आणि सँडहर्स्ट रोडवर मोठी इमारत बांधली. इथेच घोटाळा झाला. इमारत बांधली कर्ज काढून, आणि फेड व्हायची ती बुवांच्या गाण्याच्या दौऱ्यांतून. मी आयुष्यभर बँकेत कर्जाची खाती पाहिली, म्हणून एवढेच म्हणतो की व्याज दर महिन्याला ठरलेले असते आणि गाण्याचे पैसे ठरलेले नसतात. एका माणसाच्या गळ्यावर स्थावराचे तारण चालत नाही. बुवा फिरत होते तोवर हप्ते भरले गेले. पण 1922 च्या सुमारास त्यांचे मन प्रपंचातून निघाले. भगवी वस्त्रे आली. रामनाम आणि रामायण, याशिवाय दुसरे काही त्यांना रुचेना. घरात एकामागून एक मुले गेली होती. बारा अपत्यांपैकी एकच जगले. दौरे कमी झाले, कर्ज थकले आणि 1924 च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला.

शिष्यांना वाटले असेल की आता हे सावरतील, सावकाराला भेटतील, कोणा महाराजांकडे शब्द टाकतील. त्यातले काही झाले नाही. ते नाशिकला पंचवटीत गेले आणि तिथे रामनाम आधार आश्रम काढून उरलेल्या शिष्यांना घेऊन राहिले. मिळकत गेली तशी ती गेली. माणूस इतका अलिप्त कसा राहू शकतो, हे मला आमच्या खात्यातल्या कोणत्याही कर्जदारात दिसले नाही.

अलिप्त म्हणजे भित्रे मात्र नव्हते. काँग्रेसच्या अधिवेशनात वंदे मातरम् म्हणणे हे त्यांनी व्रतासारखे पाळले होते. 1923 साली काकिनाड्याला अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनीच हरकत घेतली, तरी बुवांनी ते पुरे म्हटले. आणि गांधीजींना आश्रमासाठी गायनमास्तर हवा होता तेव्हा बुवांनी आपला शिष्य नारायणराव खरे यांना साबरमतीला दिले. 1930 च्या दांडीयात्रेत हेच खरे होते. आश्रमाची भजनावली त्यांनीच जमवली.

उपदेशक म्हणून तयार झालेल्या शिष्यांची यादी लांब आहे. ओंकारनाथ ठाकूर विशीतच लाहोरचे विद्यालय सांभाळू लागले आणि पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे प्रमुख झाले. प्रो. देवधरांनी मुंबईत शाळा काढली, तिथे कुमार गंधर्व शिकले. विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नारायणराव व्यासांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. गुरूची इमारत लिलावात गेली तरी हे सगळे काही त्या लिलावात गेले नव्हते.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेला बुवांनी देह ठेवला. नुकतीच एकोणसाठ वर्षे पुरी झाली होती. मागे दहा वर्षांचा मुलगा दत्तात्रेय. होय, नाव दत्तात्रेय! पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशभर ज्यांची भजने ऐकली गेली ते हेच. वडिलांकडे शिकायला त्यांना फार थोडा काळ मिळाला. विनायकबुवा आणि इतर शिष्यांनी त्यांना शिकवले, म्हणजे बापाने दिलेली विद्या बापाच्या शिष्यांनी मुलाला परत केली. तेही 1955 साली, ऐन चौतिशीत गेले.

बुवा गेले त्याच वर्षी शिष्यांनी मिळून गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या परीक्षा आज जे मंडळ घेते तेच. आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या शाळांतून जे गायनाचे मास्तर आणि बाई होऊन गेल्या त्यांतल्या पुष्कळांच्या नावापुढे संगीत विशारद असे लिहिलेले असायचे. माझ्या शाळेतही एक मास्तर होते. पेटीचा भाता फाटलेला, त्याला कापडाची पट्टी चिकटवलेली. परीक्षा जवळ आली की गायनाचा तास गणिताला जायचा आणि मास्तर मागच्या बाकावर मुकाट्याने बसून राहायचे. पंधरा ऑगस्ट आला, पाहुणे आले, की मात्र सगळ्यांना तेच आठवायचे. आम्ही पोरे त्यांची नक्कल करायचो. त्यांना वंशावळ होती, आणि ती ग्वाल्हेरपर्यंत जाते, हे आम्हाला काय माहीत!

दरवर्षी आपल्याकडची बरीच मंडळी वाडीला जातात. बडनेरा किंवा अकोल्याहून महाराष्ट्र एक्सप्रेसने मिरजेला उतरले की पुढे वाडीची एसटी मिळते. मिरजेत बुवा शिकले आणि तिथेच गेले. वाडीला पादुकांचे दर्शन झाले, पालखी झाली, की हातात तास-दोन तास असतात. तेव्हा नदीपलीकडे कुरुंदवाडला एक चक्कर टाकावी. गाव लहान आहे. संध्याकाळी वाडीच्या आरतीच्या सुमारास घाटावर उभे राहिले की पाणी काळे होत जाते, समोरचे काही नीट दिसत नाही, आणि आवाज मात्र सगळे येतात.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥