टॉलस्टॉय आणि फाशीचा दोर

खून करणाऱ्याला फाशीच हवी, असे आमच्या गावच्या पारावर सगळेच म्हणतात. मीही म्हणत असे. महाविद्यालयात आल्यावर ग्रंथालयात लिओ टॉलस्टॉयचे चरित्र हाती पडले आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही हे उमगले. ‘युद्ध आणि शांती’ लिहिणारा थोर रशियन कादंबरीकार म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या आयुष्यातला एकच धागा मी येथे उलगडणार आहे. फाशीच्या शिक्षेने या माणसाचा जन्मभर पाठलाग केला.

टॉलस्टॉयचा जन्म १८२८ साली यास्नाया पोल्याना येथे एका सरदार घराण्यात झाला. आईवडील लहानपणीच वारले. तरुणपणी तो सैन्यात शिरला आणि सेवास्तोपोलच्या वेढ्यात त्याने मरण फार जवळून पाहिले. १८५७ साली पॅरिसमध्ये एका गुन्हेगाराचा जाहीर शिरच्छेद पाहायला तो गेला, तेव्हा रक्त त्याला नवे नव्हते. त्या माणसाने शुभवर्तमानाच्या ग्रंथाचे चुंबन घेतले आणि दुसऱ्याच क्षणी गिलोटिनचे पाते खाली आले. रणांगणावर माणूस बेभान होऊन मारतो. येथे मात्र सारे थंडपणे, नियमानुसार चालले होते. त्या दृश्याने टॉलस्टॉयची झोप उडाली. लवकरच त्याने पॅरिस सोडले.

नऊ वर्षांनी हाच प्रश्न त्याच्या दारात आला. १८६६ साली यास्नाया पोल्यानाजवळ तळ दिलेल्या पलटणीतील शाबुनिन नावाच्या लेखनिक सैनिकाने आपल्या कप्तानाच्या तोंडात मारली. या अपराधाला मृत्युदंड होता. लष्करी न्यायालयात टॉलस्टॉय त्याचा वकील म्हणून उभा राहिला. त्याने कायद्याची कलमे काढली आणि आरोपीच्या मनाचा तोल ढळलेला असल्याचे मांडले. पण शिक्षा कायम झाली. मग त्याने राजदरबारी असलेल्या आपल्या नातलग बाईंकडून दयेचा अर्ज करविला. गडबडीत पलटणीचे नाव लिहायचे राहून गेले आणि तेवढ्या कारणावरून अर्ज अडला. शाबुनिनला गोळ्या घातल्या गेल्या.

एक नाव राहिले आणि एक जीव गेला! परंतु उतारवयात टॉलस्टॉयला खरी लाज वाटली ती आपल्या बचावाच्या भाषणाची. माणसाने माणसाला असे ठरवून मारणेच मुळात चूक आहे, हे न सांगता आपण कलमांचा कीस काढत बसलो, हे शल्य त्याला अखेरपर्यंत टोचत राहिले.

पुढची कसोटी अधिक कठीण होती. १८८१ साली क्रांतिकारकांनी बॉम्ब टाकून झार दुसरा अलेक्झांडर याचा वध केला. या वेळी टॉलस्टॉयने कलमे काढली नाहीत. गादीवर आलेल्या मुलाला त्याने सरळ पत्र लिहिले आणि ख्रिस्ताच्या शिकवणुकीप्रमाणे पित्याच्या मारेकऱ्यांना क्षमा करावी अशी विनवणी केली. हे पत्र झारपर्यंत पोचवावे म्हणून आधी पोबेदोनोस्त्सेव्ह याच्याकडे गेले. तो रशियन धर्मसभेचा सरकारी प्रमुख होता. त्याने ते पुढे नेण्यास नकार दिला. तुमचा ख्रिस्त दुबळा आहे, आमचा ख्रिस्त सामर्थ्याचा आहे, अशा आशयाचे उत्तर त्याने नंतर धाडले. एप्रिलमध्ये पाच जणांना फाशी झाली. त्यांत सोफिया पेरोव्स्काया ही तरुणीही होती.

ख्रिस्ती धर्मातला हा वाद जुनाच आहे. राज्यकर्त्याच्या हाती तलवार देवानेच दिली, असे मानणारे संत पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतात. टॉलस्टॉयने डोंगरावरील प्रवचन पुढे केले. डोळ्याबद्दल डोळा हा न्याय येशूने तेथेच बाजूला सारला आहे. मला तर वाटते, याहून मोठा पुरावा खुद्द क्रूस हाच आहे. न्यायासनाच्या हुकुमाने ज्याला खिळे ठोकले गेले, त्याच्याच नावाने दुसऱ्याला फासावर कसे चढवायचे?

१९०१ साली धर्मसभेने टॉलस्टॉयला बहिष्कृत केले. १९०५ च्या क्रांतीनंतर रशियात फाशांचे सत्र सुरू झाले. शेतकऱ्यांना फाशी दिल्याची बातमी वाचून १९०८ साली त्याने ‘मी गप्प बसू शकत नाही’ हा लेख लिहिला. हे थांबवा, नाहीतर तो दोर माझ्याही म्हाताऱ्या गळ्यात अडकवा, असे त्याने सरकारला बजावले. लेखाचे उतारे छापणाऱ्या वृत्तपत्रांना दंड झाला. १९१० साली ८२ व्या वर्षी तो घर सोडून निघाला. वाटेत ऑप्टिना मठाच्या अतिथिगृहात त्याने आपला शेवटचा लेख सांगितला. तोही फाशीविरुद्धच होता. काही दिवसांतच अस्तापोव्हो स्टेशनात त्याचा अंत झाला.

त्याच्या विनवण्यांनी शाबुनिन वाचला नाही, पेरोव्स्काया वाचली नाही. मग हे सारे व्यर्थच का? त्याला गुरुस्थानी मानणाऱ्या गांधीजींचा १९४८ साली खून झाला, तेव्हा मणिलाल आणि रामदास या त्यांच्या पुत्रांनी मारेकऱ्याला फाशी देऊ नये अशी मागणी केली. तीही फेटाळली गेली. पण २०१८ साली कॅथलिक चर्चने आपल्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात दुरुस्ती करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरविला. बहिष्कृत म्हाताऱ्याचे म्हणणे असे शंभर वर्षांनी दुसऱ्या एका चर्चच्या ग्रंथात आले.

सुट्टीत पारावर मी हे बोललो, तेव्हा एका आजोबांनी विचारले की, ज्या आईचे लेकरू मारले गेले तिला तू काय सांगशील? मला उत्तर देता आले नाही. त्या आईचे दुःख खरेच आहे. पण दुसऱ्या आईचे लेकरू मारून ते निवते का, हे मात्र आता मी विचारू लागलो आहे.