मास्टर रामचंद्र

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही शाळेत गणित उर्दूतून शिकता. कॉलेजात गेल्यावर मात्र ते इंग्रजीतून शिकावे लागेल, म्हणून तुमच्यापैकी काहींना आताच काळजी वाटत असेल. पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दिल्लीत कॉलेजचे वरचे गणितही उर्दूतून शिकवले जात होते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ते शिकवणाऱ्या शिक्षकाला लोक मास्टर रामचंद्र म्हणत.

रामचंद्रांचा जन्म १८२१ साली पानिपत येथे झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. रामचंद्र सुमारे दहा वर्षांचे असताना ते वारले. घरात सहा भाऊ आणि विधवा आई. १८३३ साली रामचंद्र दिल्लीच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. त्या शाळेत गणिताकडे फारसे लक्ष नव्हते, म्हणून मिळतील ती पुस्तके आणून त्यांनी घरीच गणित सोडवायला सुरुवात केली. पुढे घर चालवण्यासाठी शाळा सोडून कारकुनी करावी लागली. तरीही १८४१ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते पुन्हा शिकू लागले. अशी मधेच शाळा सुटलेली मुले परत येणे किती कठीण असते, ते आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे.

१८४४ साली ते दिल्ली कॉलेजात शिक्षक झाले. पगार महिना पन्नास रुपये. या कॉलेजात दोन शाखा होत्या. एकीत इंग्रजीतून शिक्षण मिळे, तर दुसरीत अरबी, फारसी आणि संस्कृतचे विद्यार्थी असत. या दुसऱ्या शाखेत नवे विज्ञान आणि गणित उर्दूतून शिकवण्याचे काम रामचंद्रांकडे आले. पण शिकवायचे कशावरून? उर्दूत तशी पुस्तके फारच थोडी होती. मग कॉलेजच्या भाषांतर मंडळासाठी त्यांनी स्वतःच बीजगणित, त्रिकोणमिती, भूमिती आणि कलन या विषयांची पुस्तके उर्दूत तयार केली. नवे शास्त्र ऐकून काही जुने विद्वान नाराज झाले, मुले मात्र खूश होती. पुढे उर्दूतील थोर लेखक झालेले नजीर अहमद आणि जकाउल्लाह हे याच कॉलेजचे विद्यार्थी.

रामचंद्रांच्या मनात आणखी एक विचार होता. भास्कराचार्यांच्या काळापासून आपल्या देशात बीजगणिताची आवड आहे. (भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी दिलेल्या दानाचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. कधी सहल गेली तर अवश्य पाहा.) मग कलनातील अवघड प्रश्न बीजगणितानेच का सोडवू नयेत?

एक उदाहरण घ्या. १० या संख्येचे असे दोन भाग करा की त्यांचा गुणाकार सर्वांत मोठा येईल. ३ आणि ७ घेतले तर २१ येतात, ४ आणि ६ घेतले तर २४, आणि ५ आणि ५ घेतले तर २५. याहून मोठा गुणाकार येईल का? एक भाग क्ष माना, म्हणजे दुसरा १० वजा क्ष होईल. आता गुणाकार २६ धरून वर्गसमीकरण मांडा. वर्गमुळाच्या चिन्हाखाली ऋण संख्या येते, म्हणजे असे भाग मिळणारच नाहीत. २५ ला मात्र समीकरण सुटते. कलनाची गरजच पडली नाही! तुमच्या वहीत एकदा करून पाहा.

असे पुष्कळ प्रश्न सोडवून त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि १८५० साली पदरच्या पैशाने कलकत्त्यात छापला. तेथील पत्रांनी त्याच्यावर टीका केली. रामचंद्र फार निराश झाले. पण बेथून नावाच्या अधिकाऱ्याने ग्रंथाच्या काही प्रती विकत घेतल्या आणि एक प्रत लंडनचे गणिती डी मॉर्गन यांना पाठवली. डी मॉर्गन यांना तो इतका आवडला की त्यांच्या प्रयत्नांनी, त्यांच्याच प्रस्तावनेसह, १८५९ साली तो लंडनमध्ये पुन्हा छापला गेला. रामचंद्रांना सरकारकडून खिलत आणि रोख बक्षीसही मिळाले.

मधल्या काळात बरेच काही घडले होते. १८५२ मध्ये रामचंद्रांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दिल्लीत मोठी खळबळ उडाली. १८५७ च्या उठावात त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेले डॉक्टर चमनलाल मारले गेले. रामचंद्र लपून शहराबाहेर निसटले. कॉलेजची लूट झाली आणि ग्रंथालयही नष्ट झाले. पुढे त्यांनी रुडकीच्या अभियांत्रिकी कॉलेजात आणि दिल्लीच्या जिल्हा शाळेत काम केले. नंतर पटियाळा संस्थानाचे शिक्षण खातेही सांभाळले. १८८० साली त्यांचे निधन झाले.

दिल्ली कॉलेज १८६४ मध्ये पुन्हा उघडले, पण १८७७ मध्ये ते बंद झाले. उच्च शिक्षणात इंग्रजीचा जोर वाढला होता. तरी जकाउल्लाह थांबले नाहीत. आपल्या मास्तरांसारखी ते उर्दूत गणिताची पुस्तके लिहीत राहिले, एकामागून एक, वाचणारे कमी होत चालले तरीही.