आधी अडचण, मग यंत्र!

लातूरच्या एखाद्या डाळ मिलमध्ये पॅकिंग मशीन पाहिलंय? पिशवी लावली की तूरडाळ पडते आणि ठरलेलं वजन भरलं की झडप आपोआप बंद. लोडसेल वजन मोजतो, कंट्रोलर हुकूम सोडतो, झडप हलते. तुमच्या सिलॅबसमधलं मेकॅट्रॉनिक्स ते हेच!

पण हे कोडं शंकर आबाजी भिसे यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या जन्माआधीच हाती घेतलं होतं. १८६७ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस. किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या डिझाइनसाठी एका ब्रिटिश मासिकानं स्पर्धा ठेवली. भिसेंनी इथूनच आराखडा धाडला आणि १८९७ मध्ये बक्षीस पटकावलं.

मग ते लंडनला गेले. तिथं छपाईचे खिळे झपाट्यानं ओतणारं 'भिसोटाइप' यंत्र घडवलं. यंत्र चाललं, पण पैसा संपला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी शब्द टाकला, सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले, १९१० मध्ये कंपनीही निघाली. तीही फार टिकली नाही. भिसे थांबले का? छे! १९१६ मध्ये त्यांनी थेट अमेरिका गाठली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत नवनवे शोध लावत राहिले.

तेव्हा नांदेडच्या होस्टेलवर फायनल इयरचा प्रोजेक्ट ठरवताना आधी सेन्सर विकत आणू नका. मोंढ्यात जा, हमालाला विचारा, नेमकं अडतं कुठं ते बघा. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि प्रोग्रामिंगवाले मित्र पहिल्या दिवसापासून एकत्र बसवा. मॉडेल बनवा, बिघडू द्या, पुन्हा बनवा. आणि हो, खर्चाचा हिशेबही त्याच वहीत मांडा. चांगलं यंत्र पैशावाचून कसं अडतं, हे भिसेंनी सोसलंय.