किनाऱ्यावरची मेरी

मुलांनो, सुटीत समुद्रकिनारी गेल्यावर तुम्ही शंखशिंपले गोळा करता ना? इंग्लंडमधील लाइम रेजिस गावी उन्हाळ्यात अनेक कुटुंबे हवापालटासाठी येत. तेथेच १७९९ साली मेरी ॲनिंगचा जन्म झाला. तिचे वडील सुतार होते. कड्यांतील जीवाश्म, म्हणजे दगड बनलेले प्राचीन जीव, शोधून ते पाहुण्यांना विकत.

१८१० साली वडील वारले. घरावर कर्ज होते. अकरा वर्षांच्या मेरीने हातोडी उचलली. हिवाळ्यात वादळाने कडे ढासळत व जीवाश्म उघडे पडत. तेव्हा ती तेथे जाई. भावाला एक मोठी कवटी सापडली होती. १८१२ साली मेरीने उरलेला सांगाडा शोधला. तो इक्थिओसॉर या सागरी प्राण्याचा होता.

१८३३ साली दरड कोसळून तिचा कुत्रा मेला. ती थोडक्यात बचावली. तरी तिने काम सोडले नाही. १८४७ साली ती वारली. तिने शोधलेले सांगाडे आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. तुम्ही शिंपला उचलाल, तेव्हा तो नीट निरखून पाहा.